चौऱ्याहत्तर नंबरचं पाणी

ती. मामांना,

भाचीचा, हात साबणानं दोनदा धुऊन आणि मग जोडून, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की जिना उतरताना डावा कुरकुरतो आणि चढताना उजवा, म्हणून तुम्ही आता दिवसाकाठी एकदाच काय ते खाली जाता आणि सगळी कामं त्या एका फेरीत उरकता. मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे आईकडून कळलं. (आईनं असंही सांगितलं की पट्टी निघाल्यावर मामीनं पहिल्यांदा तुमच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग डॉक्टरांना विचारलं की दुसऱ्या डोळ्याची इतकी घाई आहे का. आईचं सगळंच खरं धरू नये हे मला माहीत आहे, पण हे खरं असावंसं वाटतं.) मी ठीक आहे. म्हणजे वजन, झोप, भूक या बाबतीत ठीक आहे. बाकी ठीक नाही, आणि त्यासाठीच हे पत्र.

फोन का नाही केला, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणता. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासल्यामुळे तुम्हाला माणसाच्या बोलण्यातही जास्तीचे शब्द दिसतात आणि ते खोडावेसे वाटतात. माझ्यावर गेल्या सहा आठवड्यांत जे गुदरलं त्यात जास्तीचे शब्दच फार आहेत. ते काढले तर दीड ओळ उरेल आणि त्या दीड ओळीवर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही अजून पुरता बसलेला नाही. काल सकाळी चहात साखर घालताना मी मध्येच थांबले आणि चमचा हातात धरून पाच मिनिटं नळाकडे बघत उभी राहिले. शेजारीण विचारत होती, पाणी गेलं का? तिला काय सांगणार, पाणी आलं म्हणून.

आधी माझं काम नेमकं काय ते सांगते, कारण तुम्ही लोकांना सांगता की भाची साबणाच्या कारखान्यात आहे, आणि मामी सांगते की ती जंतू पाळते. मामीचं जास्त बरोबर आहे. कापड विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात हे तुम्हाला माहीत आहे. विणून झाल्यावर ती खळ काढावी लागते, नाहीतर रंग चढत नाही. पूर्वी ती आम्लानं काढायचे, पण आम्ल खळ खाता खाता कापडही खायचं. आता त्यासाठी एन्झाइम वापरतात. ते फक्त खळ खातं आणि कापडाला हात लावत नाही. हे एन्झाइम जिवाणू बनवतात, आम्ही त्या जिवाणूंना खाऊपिऊ घालतो, आणि त्यांनी बनवलेला माल गाळून डब्यांत भरून कापड गिरण्यांना पाठवतो. पाठ्यपुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. आमच्या फाटकावर रंगाऱ्यानं 'औद्योगिक विकार निर्मिती' असं लिहिलं होतं आणि ते चार महिने तसंच होतं. तुम्ही असतात तर चार मिनिटं टिकलं नसतं.

आमचा जिवाणू गोड्या पाण्यातला आहे. एका तळ्याच्या काठच्या हिरव्या, बुळबुळीत दगडावरून मी तो स्वतः खरवडून आणला (घसरले, कोपर फुटलं, पण बाटली वर धरली होती). त्या खेपेला शंभर नमुने आणले होते. त्यातला हा चौऱ्याहत्तरावा, म्हणून त्याचं नाव चौऱ्याहत्तर. त्याची पारख अशी करायची: काचेच्या बशीत पिठूळ जेली ओतायची, मधोमध जिवाणूचा ठिपका ठेवायचा, दोन दिवसांनी वरून आयोडीन ओतायचं. जिथे पीठ आहे तिथे जेली काळीनिळी होते. जिथे जिवाणूनं पीठ खाऊन टाकलं आहे तिथे स्वच्छ गोल उरतो. गोल जितका मोठा तितका जिवाणू कामाचा. मामा, तीन वर्षं माझं आयुष्य एका प्लॅस्टिकच्या पट्टीवर गेलं. अकरा मिलिमीटर. बारा मिलिमीटर. साडेअकरा. लोकांची मुलं वाढतात, घरं वाढतात, माझा गोल अर्ध्या मिलिमीटरनं वाढला की मी घरी जाताना फुलं घेऊन जात असे.

काय नाही केलं मी त्याच्यासाठी? कोंडा दिला, बटाट्याचं पीठ दिलं, मक्याचं दिलं. ऊब वाढवली, कमी केली. आंबट केलं, मग घाबरून पुन्हा पूर्ववत केलं. चंबू हलवणाऱ्या यंत्राचा वेग इतका वाढवला की एकदा एक चंबू सुटून भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुटला आणि तो सबंध महिना आम्ही अंदाजानं काढला. शेवटी अतिनील किरणांखाली धरलं. त्यानं शंभरातले नव्याण्णव मरतात आणि जो एक उरतो तो सुधारतो किंवा कायमचा बिघडतो. (तुमच्या मोठ्या चिरंजीवांना वसतिगृहात ठेवलं होतं त्याची मला आठवण झाली, पण हे मामीला वाचून दाखवू नका.) आणि पाणी. पाण्याच्या बाबतीत तर मी सोवळ्यातलीच. प्रयोगशाळेत एक यंत्र आहे, ते पाण्याची वाफ करून पुन्हा पाणी करतं, म्हणजे त्यात पाण्याशिवाय काहीही उरत नाही. त्याच पाण्यात चौऱ्याहत्तरचं जेवण कालवायचं, असा माझा नियम. तो मी लाल अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवला होता.

एवढं करून तीन वर्षांत उत्पादन वाढलं ते शेकडा आठ. साहेबांनी (म्हणजे मालकांनी, पण त्यांना मालक म्हटलेलं आवडत नाही) मला केबिनमध्ये बोलावलं आणि फार गोड आवाजात सांगितलं की सहा महिन्यांत काही घडलं नाही तर प्रयोगशाळा बंद. बाहेरून तयार माल पिंपांत आणायचा आणि आपलं लेबल लावायचं. मला गोड आवाजाची भीती वाटते, कारण ते ओरडतात तेव्हा संध्याकाळपर्यंत विसरतात. आमच्याकडे माणसं मोजकी. मी. मोठी टाकी चालवणारे टाकीवाले काका, ज्यांना टाकीच्या पोटातला आवाज ऐकून आत काय चाललंय ते कळतं. आणि काचसामान धुणाऱ्या मावशी, ज्या माझ्या आधीपासून तिथे आहेत आणि ज्यांच्या हातून आजवर मी पाहिलेला एकही चंबू फुटलेला नाही. काकांची बदली बॉयलरवर होणार होती. मावशींची कुठेच होणार नव्हती, कारण लेबल लावायला काचसामान लागत नाही.

आता पहिला धक्का. मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखे चंबू काढले आणि त्यातल्या मालाची ताकद मोजली. यंत्रानं जो आकडा दाखवला तो नेहमीच्या नऊपट होता. मी यंत्र बंद केलं, पुसलं, पुन्हा चालू केलं. नऊपट. यंत्र बिघडलं म्हणून मी जुन्या पद्धतीनं हातानं मोजलं. नऊपट. मग बशीवर आयोडीन ओतलं आणि मामा, ते आयोडीन कुठेच काळंनिळं झालं नाही. गोल नव्हताच. सबंध बशी स्वच्छ होती, काठापासून काठापर्यंत, जणू तिथे पीठ कधी घातलंच नव्हतं. मागे स्टूल आहे असं समजून मी बसले, ते चाकांचं होतं, ते गेलं, आणि मी फरशीवर. उठावंसं वाटेना. फरशीवर बसूनच मी पट्टी काढली आणि सबंध बशी मोजली. नव्वद मिलिमीटर. मी ते वहीत लिहिलं आणि पुढे कंसात 'मी शुद्धीवर आहे' असंही लिहिलं. ते अजून तिथे आहे.

दुपारपर्यंत मी कुणाला काही बोलले नाही. पण तोंड लपवता येत नाही. साहेब चष्मा शोधत आले, माझं तोंड पाहिलं, बशी पाहिली, आणि विचारलं, "कशानं झालं?" इथे मी चूक केली. मला माहीत नव्हतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी इतक्या आदरानं विचारत होतं, आणि त्या आदरापुढे 'माहीत नाही' हे दोन शब्द फारच लहान वाटले. मी म्हणाले, "बहुधा किरणांनी." साहेबांनी त्यातला 'बहुधा' ऐकला नाही. तुम्ही छापखान्यात शब्द गळतात म्हणून हळहळायचात. माणसांच्या कानात किती गळतात ते बघा.

त्याच आठवड्यात मोठ्या टाकीत चौऱ्याहत्तर घालायचं ठरलं. टाकी दोन मजली आहे. मी शुद्ध पाण्याचे डबेच्या डबे साठवले, काकांनी टाकी भरली, तीन दिवस आम्ही आळीपाळीनं तिच्याजवळ बसलो. चौथ्या दिवशी नमुना काढला. गोल बारा मिलिमीटर. जुनाच. जसा काही मंगळवार झालाच नव्हता. मला वाटलं मी वेडी झाले. वही काढली, 'मी शुद्धीवर आहे' हे वाक्य वाचलं, आणि त्यानंही धीर आला नाही. काकांनी टाकीला कान लावला आणि म्हणाले, "आतली मंडळी उपाशी आहेत." मी म्हणाले, काका, हजारो लिटर जेवण आहे आत. ते म्हणाले, "असेल. पण उपाशी आहेत."

मग मी शोध सुरू केला. वहीतला प्रत्येक दिवस पाहिला. पीठ त्याच पोत्यातलं, ऊब तीच, वेग तोच. ज्या आठवड्यात ते चंबू भरले गेले त्या आठवड्यात माझी दाढ ठणकत होती, एवढाच फरक, आणि माझ्या दाढेचा चौऱ्याहत्तरशी काही संबंध असणं अवघड होतं. (तरी मी ते तपासायच्या यादीत लिहिलं. माणूस घायकुतीला आला की काहीही लिहितो.) सगळ्यांना विचारून झालं. विजेच्या माणसाला विचारलं, पोती उतरवणाऱ्याला विचारलं. मावशींना सगळ्यात शेवटी विचारलं, आणि हे लिहिताना मला लाज वाटते, कारण चंबूत पाणी भरण्याचं काम पहिल्यापासून त्यांचंच. मी जिवाणूंच्या जेवणाच्या पुड्या बांधून देते, त्या पाणी मोजून भरतात, पुडी सोडतात, आणि चंबू वाफेच्या यंत्रात उकळायला ठेवतात.

धुण्याच्या खोलीत त्या ब्रशानं बशा घासत होत्या. मी विचारलं, "मावशी, त्या आठवड्यात काही वेगळं झालं होतं का?"

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे साबण बदलला, ब्रश बदलला..."

"साबण तोच. पाणी नळाचं होतं."

"धुवायला नळाचंच असतं ना."

"धुवायला नाही," त्या म्हणाल्या. "भरायला. पाण्याचं यंत्र बिघडलं होतं ना त्या आठवड्यात."

आमच्या नळाचं पाणी इतकं जड आहे की किटलीत बोटभर पांढरा थर जमतो. अंघोळीनंतर केस केरसुणीसारखे होतात. ते पाणी मी माझ्या चौऱ्याहत्तरच्या आसपास फिरकू दिलं नसतं. आणि तो त्यावरच बाळसं धरून बसला होता. मी तिथल्या तिथे नऊ चंबू मांडले. तीन शुद्ध पाण्याचे, तीन नळाच्या पाण्याचे, आणि तीन शुद्ध पाण्याचे पण त्यात किटलीतला थर खरवडून चिमूट चिमूट टाकलेला. तीन दिवसांनी पहिले तीन जुनेच. पुढचे सहाही नऊपट. किटलीतला थर म्हणजे चुना. त्या एन्झाइमला उभं राहायला चुना लागतो, नाहीतर ते तयार होताच विस्कटतं. बिचारा तीन वर्षं बनवत होता आणि बनवलेलं डोळ्यांदेखत कोसळत होतं. तळ्यातल्या दगडावर त्याला चुना फुकट मिळत होता. मी त्याला उचलून आणला आणि जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी पाजून उपाशी मारला.

अजून ऐका. मी पहिल्या वर्षाची वही उघडली. माझ्या मूळ कृतीत चुन्याचा क्षार होता. माझ्याच अक्षरात होता. आणि आठवडाभरात, पहिला गोल मोजायच्या आधीच, माझ्याच अक्षरात तो खोडलेला होता, कारण त्यानं तळाशी पांढरा साका बसायचा आणि साहेबांना पाहुण्यांपुढे ठेवायला नितळ द्रव हवा होता. नितळ दिसावं म्हणून मी ते काढलं आणि विसरले. त्या पानाकडे बघताना मला जे वाटलं ते फरशीवर बसण्यापलीकडचं होतं. फरशीच्या खाली काही असतं तर मी तिथे बसले असते.

दुसऱ्यांदा टाकी भरली ती सरळ नळाला पाइप लावून. काकांनी दुसऱ्या दिवशी कान लावला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. तिसऱ्या दिवशी साहेब गिरणीच्या दोन माणसांना टाकी दाखवायला घेऊन आले. एक तरुण व्यवस्थापक, आणि एक म्हातारे रंगारी मास्तर, ज्यांची नखं जन्माची निळी झालेली. साहेबांनी त्या दिवशी कडक खळीचा पांढरा शर्ट घातला होता, असा की हात हलवला की पुठ्ठ्यासारखा आवाज यावा. ते टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या धुराड्याखाली उभे राहून किरणांबद्दल बोलत होते. मी मागे उभी राहून चप्पल बघत होते. तेवढ्यात काकांनी टाकीकडे मान वळवली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, जरा बाजूला." साहेबांना मध्येच बोललेलं आवडत नाही. त्यांनी वाक्य पुरं करायचं ठरवलं. आतली मंडळी पोटभर जेवली की फेस करतात, आणि या खेपेला ती तीन वर्षांचं जेवली होती. फेस धुराड्यातून आला, पिवळसर, कोमट, गादीएवढा, आणि साहेबांच्या उजव्या खांद्यावर बसला. तिथून बाहीवरून मनगटापर्यंत उतरला. काका वर धावले, फेस मारायचं तेल ओतलं, फेस बसला. पण शर्टावर जे यायचं ते आलं होतं.

साहेब दाखवायचं तेवढं पाहुण्यांना दाखवून मगच थांबले, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. तासाभरानं चहा प्यायला बसलो तेव्हा शर्ट वाळला होता. डावी बाही पत्र्यासारखी ताठ. उजवी बाही घडी विस्कटलेल्या रुमालासारखी लोंबत होती. सगळे ते पाहून न पाहिल्यासारखं करत होते. रंगारी मास्तर मात्र उठले, साहेबांना न विचारता त्यांची डावी बाही दोन बोटांत धरून चोळली, मग उजवी चोळली, पुन्हा डावी. साहेब शिंप्याकडे माप द्यायला उभे असावेत तसे दोन्ही हात पसरून उभे. मास्तर म्हणाले, "सूत जसंच्या तसं आहे. खळीचा कण नाही. तासाभरात, तेही थंड हवेत. हे आम्हाला पाहिजे." आणि खाली बसून त्यांनी उरलेला चहा प्यायला. प्रयोगशाळा वाचली ती त्या क्षणी. मला ते कळायला घरी पोचावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. किरण नव्हेत, चुना. चुना माझा नव्हे, नळाचा. नळ माझा नव्हे, मावशींचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच गोड आवाजात म्हणाले की पाणी म्हटल्यावर कोण टाळ्या वाजवणार, गिरणीवाल्यांची सभा बोलावलीय, तिथे किरणच राहू देत, मोठा फलक रंगवून झालाय. मी त्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा मला चौऱ्याहत्तर, चुना, नळ, कशाचाही धक्का वाटला नाही. मला माझ्याच डोक्यात आलेल्या एका विचाराचा धक्का बसला. तो विचार असा, की साहेबांचं म्हणणं तसं सोयीचं आहे.

पण सभेत मी खरं बोलले. गिरण्यांची साठेक माणसं, पुढच्या रांगेत रंगारी मास्तर, मागे तो किरणांचा फलक, निळ्या पाण्यात पिवळा सूर्य. मी उभी राहिले आणि माझा आवाज, जो तुम्हाला माहीत आहे, दोन माणसांपुढेही चिरकतो, तो जराही चिरकला नाही. मी म्हणाले की तीन वर्षं मी पाणी स्वच्छ करत राहिले आणि उत्तर काचसामान धुणाऱ्या मावशींच्या नळाला होतं. हे चुकून झालं, पण ती चूक माझ्या तीन वर्षांच्या बरोबर कामापेक्षा मोठी होती. अहवालावर माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव असेल. मग मास्तरांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. साहेबांनी रुमाल काढून डोळे टिपले आणि स्वतः जाऊन फलक उलटा करून ठेवला. मावशींना मी पुढे बोलावलं, त्या पदर सावरत आल्या, आणि मला वाटलं की तुम्ही हे पाहायला हवं होतंत.

असो. पत्र फार लांबलं. गुडघ्याला शेक देत जा. मामीला सांगा, दुसरा डोळा झाल्यावर मी भेटायला येते, तोपर्यंत थोडी बरी दिसायला लागेन. शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या खुशाल दुरुस्त करा, पण पत्र परत पाठवू नका. मागच्या वेळी पाठवलंत तेव्हा पोस्टमननं ते माझंच पत्र नापसंत होऊन आलं असं समजून मला धीर दिला होता.

तुमची,
धाकट्या बहिणीची थोरली

ता. क. मामा, वरचं सगळं घडलं तसंच लिहिलं आहे, फक्त सभेचं नाही. सभा अजून व्हायची आहे. शुक्रवारी सकाळी अकराला आहे. आधी लिहून पाहिलं की तोंडात बसेल असं वाटलं, आणि लिहिताना छान वाटलं हेही खरं. पण साहेब डोळे टिपतील असं मला खरोखर वाटत नाही, आणि माझा आवाज तर आत्ता आरशापुढेही चिरकला. म्हणून विनंती अशी की तुम्ही याच. गुडघ्याचं मला ठाऊक आहे. फाटकापासून सभेच्या खोलीपर्यंत एकही पायरी नाही, मी आज मुद्दाम चालत जाऊन पाहिलं. पुढच्या रांगेत डावीकडची खुर्ची तुमची. काही बोलू नका, मान हलवू नका, नुसते बसा. तुम्ही समोर असताना मला एकही खोटं वाक्य आजवर पुरं करता आलेलं नाही.

ता. क. २. हे पाकिटात घालत होते तेवढ्यात मावशी चंबू न्यायला आल्या. एवढं लांब काय लिहिताय, असं त्यांनी विचारलं, म्हणून मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, सभेसकट. त्यांनी दाराशी उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "चुकून नाही झालं, मॅडम. यंत्र सोमवारी बिघडलं आणि बुधवारी दुरुस्त झालं. मी चंबू भरले शनिवारी."

त्या म्हणाल्या की तीन वर्षं त्या माझ्या बशा धुतायत. आधीही दोनदा यंत्र बंद पडलं होतं, तेव्हा वेळ निभवायला एखाददुसरा चंबू नळाच्या पाण्यानं भरला होता, आणि त्याची बशी धुवायला आली की गोल मोठा दिसायचा. मी ते आकडे चुकीचे समजून वहीत खोडायचे. (खोडलेत. पाहिलं आत्ता.) म्हणून या वेळी त्यांनी सगळेच भरून पाहिले. मी विचारलं, मग त्या दिवशी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता, म्हणून यंत्राचं नाव घेतलं. आणि सांगितलं नाही असं कसं? भरायच्या आधी दोनदा सांगितलं. नळाचं भरून बघू का, विचारलं. तुम्ही गालाला हात लावून बसला होता. हो म्हणालात."

मामा, मला आठवत नाही. पण म्हणाले असेन, यात शंका नाही. कारण एवढं बोलून त्या चंबूंची पेटी उचलून निघाल्या, आणि दारातून टाकीच्या हवेच्या नळीबद्दल त्यांनी मला आणखी काहीतरी विचारलं, आणि मी पाकिटाला डिंक लावता लावता हो म्हणाले. आता मी पाकीट पुन्हा फोडून हे लिहिलं आहे, आणि कशाला हो म्हणाले ते विचारायला खाली धुण्याच्या खोलीत चालले आहे.